काचेमागचा फेस

धुतलेला कपडा मशीनमधून काढला की आपा आधी त्याची बाही मुठीत धरून पिळायची. बोटांच्या फटीतून पांढरा फेस आला की ती मूठ समोरच्याच्या नाकापुढे धरायची. "हे बघा. ह्याला धुतलं म्हनायचं का?" समोर मी असो, वसतिगृहाचा मालक असो, आवाज तोच. भांडणाचा.

तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल. साधी वेळ विचारली तरी अंगावर येणारं. आपण म्हणतो, स्वभावच तसा आहे, आणि पुढे जातो. आपाबद्दल मीही सुरुवातीला तसंच म्हणत होते.

लातूरला ट्यूशन एरियात मुलींच्या एका वसतिगृहात मी रेक्टर होते. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून मुली यायच्या. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं, किंवा त्यांच्या घरच्यांना तसं वाटत होतं. आपा मुलींचे कपडे धुवायची. आधी हाताने, मागच्या फरशीवर. मग लातूरचं पाणी आटलं, टँकरची वाट बघत दिवस निघू लागले, तेव्हा मालकाने समोरून उघडणारी मोठी मशीन आणली. पाणी कमी लागतं म्हणून. ती त्याने मागे न ठेवता ऑफिसशेजारी, येणाऱ्या पालकांना दिसेल अशी ठेवली.

मशीन बसवायला आलेल्या मेकॅनिकने स्वच्छ सांगितलं होतं. हिला कमी फेसाची, हिच्यासाठीच केलेली पावडर लागते, नाहीतर लिक्विड. तेही थोडंच. पाणी कमी असतं, त्यामुळे जास्त फेस झाला तर तो निघत नाही, कपड्यातच बसतो. मालक मान हलवत होता. आणि आठवडाभरात त्याने बादलीत धुवायच्या सुट्या पावडरीची पोती आणून टाकली. वर आपाला हुकूम, "मगाने टाकायची. भरपूर."

आपाने मेकॅनिकचं बोलणं त्याला ऐकवलं. मालक हसला. "आपा, काचेतून फेस दिसला पाहिजे. पोरींच्या आयांना फेस दिसला नाही तर वाटतं कपडे धुतलेच नाहीत."

"फेस दाखवायला हाय का धुवायला?"

"तुम्ही मशीन चालवा. धंदा मी चालवतो."

आपा कमी पावडर टाकायची, तर तो येऊन स्वतः टाकायचा. मग ती कपडे काढून वाट्याला आलेल्या पाण्यात पुन्हा खळबळायची, तर पाणी वाया घालवते म्हणून ओरडा. मालकाने शेवटी मागच्या नळालाच कुलूप घातलं. मी त्याला दोनदा समजावायला गेले. "मॅडम, तुम्ही अभ्यासाचं बघा," एवढंच उत्तर मिळालं.

नायगावकडची एक मुलगी होती. अबोल, क्लासच्या पहिल्या, हुशार बॅचमधली. तिच्या मानेवर आणि कमरेपाशी लाल चट्टे उठले. घामाने कपडा भिजला की आग व्हायची. वर्गात बसवेना, झोप लागेना, खाजवून खाजवून रक्त निघायचं. मालक म्हणाला, परीक्षेचं टेन्शन अंगावर निघतंय. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, कपडे कशात धुता? मी ते मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बाकीच्या पोरींना कसं काही होत नाही? होत होतं. त्या बोलत नव्हत्या.

मुलीचे टेस्टचे मार्क घसरले, क्लासवाल्यांनी तिला खालच्या बॅचमध्ये टाकलं. आई आली. आल्या आल्या तिने खोलीतच मुलीच्या थोबाडीत मारली. "बहाणे करून राहिलीस! आमी काय खाऊन तुला इथं ठेवलं, म्हाईत हाय का?"

आपा दारात होती. मला वाटलं, आता ही त्या आईवर तुटून पडेल. ती पुढे गेली आणि मुलीची ओढणी बाजूला करून मान आईला दाखवली. "बाई, हे बघ. आन् मंग मार."

आई त्या चट्ट्यांवर फुंकर घालू लागली.

त्या रविवारी नव्या प्रवेशाचे पालक आले होते. अंगण भरलं होतं. मालक मशीनपुढे उभा राहून सोयी सांगत होता आणि काचेमागे फेस उसळत होता. मशीन थांबल्यावर आपाने त्याच्यादेखत दार उघडलं, त्याच मुलीचा ड्रेस काढला आणि अंगणात आणून पिण्याच्या पाण्याच्या बादलीत बुडवला. पाणी दुधासारखं झालं. तिने ते ओतलं, दुसरी बादली घेतली. तीही पांढरी.

"हे पोरींच्या अंगावर घालतो ह्यो मानूस!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "बघून घ्या! मंग ठेवा पोरी!"

"ही बाई पिण्याचं पाणी नासतेय," मालक ओरडला. "आपा, आत्ताच्या आत्ता गेटबाहेर व्हा."

मी पुढे होऊन सांगितलं, ती खरं बोलतेय, डॉक्टरांनीही हेच विचारलंय. आणि मग एका गृहस्थाने, चांगले शिकलेले दिसत होते, घसा खाकरून मालकाला विचारलं, "इथल्या किती मुली मेडिकलला लागल्या?"

त्यांच्यामागे प्रवेशाची रांग लागली. बादली तिथेच होती. लोक तिला वळसा घालून ऑफिसात जात होते. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं.

आपा गाठोडं बांधत होती तेव्हा मी तिच्याजवळ बसले. तेव्हा पहिल्यांदा ती त्र्याण्णवच्या भूकंपाबद्दल बोलली. तिचं गाव औशाच्या पुढचं. त्या पहाटे घराच्या दगडांखाली नवरा गेला आणि लहान मुलगी गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये ट्रक भरभरून कपडे आले.

"घामट, मळके, डाग पडलेले," ती म्हणाली. "मी पोर मातीत देऊन आले आन् एका बाईनं माझ्या हातात कुनाचा तरी उतरलेला ब्लाऊज दिला. फोटो काढला. लई मदत केली म्हने. मॅडम, गरजवंताच्या अंगावर काय बी घातलं तर चालतं, असं वाटतं लोकांना. मी ते गठ्ठे महिनाभर धुतले. सगळ्या शेडचे. रडायचं त्या वेळेला मी कपडे आपटले."

नायगावची मुलगी आईबरोबर घरी गेली. महिन्याभरात मोटारीत फेस जाऊन मशीन बंद पडली, तेव्हा मालकाने गुपचूप पावडर बदलली. मुलींच्या अंगासाठी नाही, मशीनसाठी. वर मला म्हणाला, "आपाला बोलवा परत. नवी बाई कपडे पांढरे काढत नाही." मी त्याच दिवशी राजीनामा दिला, पण आपाला भेटायला मात्र गेले.

ती अहमदपूरला भावाकडे होती. निरोप ऐकून म्हणाली, "त्याला म्हनावं, त्या पोरीच्या दारात जा आन् माफी माग. मंग बघू." मग एकदम हळू आवाजात, "कशी हाय ती?"

"चट्टे गेले. नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश घेतलाय. हसते आता."

"हाव?" ती म्हणाली आणि बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली. मालकाने अर्थातच माफी मागितली नाही. आपाही परत गेली नाही.

मला सोडायला ती स्टँडवर आली. त्यानंतर दोन वर्षांत ती वारली, मला फार उशिरा कळलं. म्हणून स्टँडवरचीच आठवण शेवटची. गाडी हलली आणि एक म्हातारी पायरीला हात लावून तशीच खाली राहिली. आपा धावली. गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवत ओरडली, "डोळे फुटले का रे? थांबव!" गाडी थांबली, म्हातारी चढली, माझ्या शेजारी येऊन धापा टाकत बसली. मी खिडकीतून हात हलवला. आपाने पाहिलंच नाही. ती कंडक्टरशी भांडत होती.