पहिले हजार बाईंचे

माझ्या आत्याने सव्वीस वर्षांत आठ नव्या गाड्या मोकळ्या करून दिल्या, आणि मीटरवर हजाराचा आकडा आला की आठही गाड्या तिच्या हातातून काढून घेतल्या गेल्या. आता नववीचं सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, तर चढू दे.

आम्ही दोघी पाणीपुरवठ्याच्या एकाच कचेरीत. ती मोटार विभागात ड्रायव्हर, मी प्रयोगशाळेत. वरच्या तलावावरून आणि वाटेतल्या टाक्यांवरून पाण्याचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून आणायचे हे तिचं काम, त्या बाटल्या उतरवून घेऊन तपासायच्या हे माझं. घरी ती माझी आत्या, पण कचेरीत झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला 'बाई' म्हणतात, म्हणून तिथे मीही 'बाई'च म्हणते.

ती नोकरीला लागली तेव्हा मोटार विभागात दुसरी बाई नव्हती. पहिल्याच आठवड्यात एक कोरी गाडी आली. नवी गाडी मोकळी करायची म्हणजे इंजिन, ब्रेक नीट बसेपर्यंत पहिले हजार किलोमीटर जपून चालवावी लागते आणि पुरुष ड्रायव्हरांना तेवढा धीर कुठला! तेव्हाचे गाड्यांचे साहेब हसत म्हणाले, "बाईमाणूस तसंही हळूच चालवतं. द्या तिलाच." सगळे हसले. हजार किलोमीटर झाले तेव्हा तेच साहेब म्हणाले, "आता गाडी पळवायची आहे. ते बाईचं काम नाही." गाडी गेली दुसऱ्याकडे. हा प्रकार एकदाच झाला असता तर मी त्याला अपमान म्हटलं असतं, पण आठ वेळा झाला आणि त्याची पद्धत झाली. साहेब बदलले, पद्धत तीच. पहिले हजार बाईंचे, पुढचे लाख दुसऱ्याचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आणि 'हळू' म्हणे! नवी गाडी नुसती हळू चालवून मोकळी होत नाही, हे त्या विभागात एकट्या आत्याला माहीत होतं. एकाच वेगाने तासन्‌तास रेटली तर इंजिनाचे भाग एकमेकांत नीट बसत नाहीत. वेग वरखाली करावा लागतो. वरच्या गिअरमध्ये गाडी चढावर कुंथत रेटली तर ते वेगाने पळवण्याइतकंच वाईट. पहिल्या दिवसांत माणसं कोंबायची नाहीत, मागे काही ओढायचं नाही, गाडी जागेवर उगाच गुरगुरत ठेवायची नाही. टायर नवे असले की त्यांच्यावर कारखान्यातला तुकतुकीत थर असतो. तो जाईपर्यंत वळणावर आणि ओल्या रस्त्यावर त्यांचा भरवसा धरायचा नाही. नव्या ब्रेकचंही तसंच. तलावाच्या खालच्या मोकळ्या रस्त्यावर ती मागे कोणी नाही हे आधी आरशात पाहायची, मग पन्नासवरून वीसवर यायची, पुन्हा पन्नास, पुन्हा वीस. मध्ये थोडं चालवून ब्रेक थंड होऊ द्यायची. मी एकदा सोबत होते. मला मळमळायला लागलं, तशी म्हणाली, "तुला होतंय ते होऊ दे. पुढे कधी एखादं पोर आडवं आलं ना, तर ही गाडी थांबली पाहिजे."

पोर आडवं येईल तेव्हा स्टिअरिंगवर आपण नसणार, हे तिला ठाऊक होतं. तरी मन लावून करायची. मला याचाच जास्त राग यायचा.

मोकळी केलेली गाडी देऊन टाकली की ती परत नमुने आणायच्या आपल्या जुन्या गाडीवर. त्या गाडीचा क्लच म्हणजे जिमचं यंत्र. दाबायला अख्खं अंग घालावं लागायचं. गेल्या वर्षी आत्याचा डावा गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, की जड क्लचची गाडी सोडा, नाहीतर निवृत्तीपर्यंत काठी घ्यावी लागेल. निवृत्तीला तीन वर्षं होती. आत्याने डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन गाड्यांच्या साहेबांसमोर ठेवली. सव्वीस वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं.

साहेब गोड माणूस. म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात नवी गाडी येते आहे. क्लच लोण्यासारखा. मोकळी करा आणि ठेवा तुमच्याकडेच. नमुन्यांची गाडी म्हणून तीच लावू." हे त्यांनी चार जणांसमोर सांगितलं. आत्या त्या दिवशी घरी येऊन गुडघ्याला शेक घेत चक्क गुणगुणत होती. तिचा गळा काही गाण्याचा नाही, पण मी ऐकून घेतलं.

नववी गाडी आली. पांढरी, सीटवर अजून प्लास्टिक. आत्याने पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, चाकांतली हवा स्वतः तपासली, आरसे आपल्या उंचीला लावले. या वेळी तिने सीटसुद्धा नीट बसवून घेतली. आधीच्या आठ गाड्यांत तेवढी तसदी तिने घेतली नव्हती. पाच आठवडे ती वेग वरखाली करत होती, ब्रेक बसवत होती, पाचशेला तेल पाहत होती. मीटरवर हजार झाले त्या दिवशी दुपारी तिने गाडी धुतली आणि शेडमध्ये लावली.

चार वाजता नोटीस लागली. गाडी उपप्रमुखांच्या दौऱ्यांना, चालक 'रॉकेट'.

रॉकेट हा आमच्याकडचा एक ड्रायव्हर. टोपणनाव त्याने कष्टाने कमावलंय. दोन गिअरबॉक्स, एक फाटक आणि कचेरीच्या कुंपणाचा एक खांब त्याच्या नावावर जमा आहेत. त्याला नवी गाडी, आणि बाईंना परत तोच क्लच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आत्या साहेबांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर. पाच मिनिटांनी ती बाहेर आली, चेहरा कोरा.

"काय म्हणाले?"

"दौरे लांबचे आहेत, वेग लागतो म्हणाले."

"आणि शब्द दिला होता त्याचं काय? चिठ्ठीचं काय?"

"नमुन्यांनाही आधीच उशीर होतो म्हणाले."

"कोण म्हणतं उशीर होतो?" मी ओरडलेच. "कोण म्हणतं ते मला सांग, मी बघते त्याच्याकडे!"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताब्याचा कागद काढला.

या कागदाचं सांगितलं पाहिजे. पूर्वी एकदा कोणीतरी नव्या गाडीचं इंजिन जाळलं होतं. तेव्हा चौकशी आपल्या अंगावर येऊ नये म्हणून साहेबांनी नियम केला होता, की हजार झाल्यावर बाईंनी 'गाडी तयार आहे' असं लिहून सही केल्याशिवाय कोणी ती घ्यायची नाही. म्हणजे पुढे काही बिघडलं तर बाईंची मान तयार. गाडी चालवायला बाई नको, दोष घ्यायला हवी.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "लिही की अजून कच्ची आहे. दोन हजार लागतील म्हण. यांना काय कळतंय?"

"गाडी तयार आहे," ती म्हणाली. "नाही कशी म्हणू? मी केलीय तिला तयार."

तिने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, 'गाडी तयार आहे.' मला वाटलं, संपलं. पण पेन थांबलं नाही. खाली तिने लिहिलं, 'चालक तयार नाही. नेमलेल्या चालकाने याआधी दोन गिअरबॉक्स तोडले असून वळणावर ब्रेक कसा लावावा हे त्यास माहीत नाही. त्याने एक हजार किलोमीटर माझ्या शेजारी बसून पाहावे. त्याआधी गाडी दिल्यास जे होईल त्यास मी जबाबदार नाही.' सही, तारीख, वेळ. आवक-जावकच्या खिडकीवर जाऊन तिने कागदावर शिक्का मारून घेतला. शिक्का बसला म्हणजे कागद फाइलला लागला, आता तो कोणाच्या बापाला गिळता येणार नव्हता.

साहेबांचा गोडवा त्या दिवशी संपला. बाई फार शहाण्या झाल्या, बाई डोक्यावर बसल्या, हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. पण रॉकेटच्या हाती किल्ली द्यायची छाती कोणाची होईना. दुसऱ्या कोणाला द्यावी तर तोही म्हणे, मला त्या कागदात पाडू नका. गाडी अकरा दिवस शेडमध्ये उभी राहिली, चालवून चालवून तयार केलेली गाडी, धूळ खात. आणि ते अकरा दिवस आत्या जुनी गाडी घेऊन तलावावर जात होती. संध्याकाळी गुडघा असा व्हायचा की जिना एकेक पायरी बसून चढावा लागायचा. मी तिला म्हटलं, सोड हट्ट. ती म्हणाली, "हट्ट त्यांचा आहे. मी फक्त लिहिलंय."

बाराव्या दिवशी सकाळी शिपाई आला आणि किल्ली तिच्या टेबलावर ठेवून गेला. चिठ्ठी नाही, माफी नाही, एक शब्द नाही. शब्द पाळला म्हणून नव्हे, तर कागदाला घाबरले म्हणून दिली. मी तेही बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "चल, आज बाटल्या आणायला तूच चल."

परतताना मागे बर्फाच्या पेट्यांत बाटल्या होत्या. उतार संपला, सरळ रस्ता लागला, आरशात कोणी नव्हतं. तिने गिअर बदलला, पुन्हा बदलला. सत्तर. ऐंशी. एकही बाटली वाजली नाही. पुढच्या ट्रकपासून अंतर राखून, वळणाच्या आधी वेग उतरवून, वळणातून बाहेर पडताना अलगद वाढवून ती अशी चालवत होती की मी बघतच राहिले. आमच्या कचेरीत असं चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. मला रडू यायला लागलं, रागानेच.

"सव्वीस वर्षं यांनी तुला हळू चालवणारी बाई म्हटलं," मी म्हणाले. "एकेकाला धरून आणून इथे बसवलं पाहिजे. आणि ते उशिराचं साहेबांच्या कानात कोणी घातलं, ते तू अजून सांगितलं नाहीस."

तिने एकदा आरशात मागे पाहिलं.

"त्यांच्या टेबलावर प्रयोगशाळेचा महिन्याचा तक्ता होता," ती म्हणाली. "'नमुन्यांना उशीर' असा रकाना आहे ना, त्याच्या शेजारी 'कारण'. त्यात लिहिलं होतं, 'चालक गाडी हळू चालवतात'. दर महिन्याला. अक्षर तुझं होतं."

तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. सगळे म्हणायचे तेच मी लिहून टाकायचे, चहा थंड व्हायच्या आत.

"आत्या, मी..."

"लिहिलंस ते खोटं नव्हतं. त्या जुन्या गाडीचे ब्रेक झिजले होते, तीन वेळा लेखी दिलं होतं मी. चाळीसच्या वर नेली असती तर उतारावर थांबली नसती." तिने ब्रेकवर हलकेच पाय टेकला आणि गाडी गावाच्या वेगावर आली. "फक्त कारण लिहिण्याआधी मला विचारायचं होतंस. मी रोज तुझ्यासमोरच बाटल्या उतरवत होते."