बसायची नोकरी

जुन्या गाडीचं सीट उचललं की खाली काय काय निघतं, ते सीटच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. शेंगदाण्याची टरफलं, बांगडीचा तुकडा, औषधाची अर्धी गोळी, पोराचा एकच मोजा. मुद्दाम कुणी टाकलेलं नसतं, बसता-उठता सांडतं. आमच्या डिपार्टमेंटचे किस्से असेच साचले. मला रोज डायरी लिहायची सवय, म्हणून सांडलेलं थोडंफार उचलून ठेवलं, इतकंच.

आमची कंपनी नागपूरजवळ, हिंगण्याच्या एमआयडीसीत. महागड्या गाड्यांच्या सीटमध्ये मसाज असतो ना, तो आम्ही बनवतो. सीटच्या पाठीत हवेच्या लहान लहान पिशव्या बसवलेल्या असतात, त्यांना आम्ही सेल म्हणतो. एक चिमुकला पंप त्या आळीपाळीनं फुगवतो आणि सोडतो. बसणाऱ्याला वाटतं, कुणीतरी तळहातानं पाठ दाबतंय. पण मसाज बरा वाटला की नाही, हे मशीन सांगत नाही. त्यासाठी माणूसच बसवावा लागतो!

म्हणून आमच्या खोलीत बिनचाकांची अर्धी गाडी ठेवलेली आहे. समोर डॅशबोर्ड, मागे शेजारी शेजारी दोन सीटं, बस्स. तिच्यात बसणारी माणसं तीन. पन्नास किलोच्या आतल्या मंदाताई गजभिये, शंभरच्या वरचे किशोरभाऊ भोयर आणि दोघांच्या मधला प्रमोद वानखेडे. बसणारा बोलतो, मी लिहून घेतो, आणि पुण्याहून आलेल्या कुलकर्णी मॅडम त्याचं इंग्रजी करून वर पाठवतात.

* * *

या नोकरीची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती लोकांना सांगायची कशी!

किशोरभाऊ आधी इतवारीत टेम्पो चालवायचे. धान्याची पोती स्वतःच चढवायचे, स्वतःच उतरवायचे. एक दिवस कंबर धरली ती धरलीच. डॉक्टरनं पोत्याला हात लावायला बंदी केली. अशात ही नोकरी मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा वजन कामाला आलं!

हुडकेश्वरला नवीन घरी राहायला गेले, तर शेजारच्या काकाजींनी विचारलं, "काय करता जी?"

"कंपनीत हावो."

"कंपनीत काय करता?"

किशोरभाऊ खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "बसतो."

"ते समजलं. पन काम काय?"

"तेच काम आहे जी. सकाळी जाऊन बसतो, जेवतो, पुन्हा बसतो."

काकाजी विचारात पडले. मग हळूच जवळ सरकून म्हणाले, "माया पोरगा बी तीन सालापासून घरी तेच करून राहिला. त्याचं जमते का पाहा ना तुमच्या कंपनीत!"

* * *

हसण्यावारी गेलं खरं, पण किशोरभाऊंच्या नोकरीत एक गाठ होती. त्यांची जागा शंभर किलोच्या वरच्या माणसाची. भारी माणूस टेकला की सेल पुरते फुगतात का, पंप दमतो का, हे पाहायचं असतं. म्हणून दर सोमवारी काट्यावर उभं राहावं लागायचं. शंभरच्या खाली आले, की जागा गेली.

आणि त्याच वर्षी त्यांना शुगर निघाली.

डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर इंजेक्शन सुरू करावं लागेल." किशोरभाऊंचे वडील याच दुखण्यानं लवकर गेलेले. त्यामुळे त्यांच्या बायकोनं, रेखावहिनींनी, त्याच संध्याकाळी घरातला साखरेचा डबा उचलून बहिणीकडे पोचवला. दुसऱ्या दिवसापासून टिफिनमध्ये दुधीची भाजी, ज्वारीची एक भाकर आणि काकडी.

तिसऱ्या दिवशी वहिनी स्वतः कंपनीच्या गेटवर हजर!

कुलकर्णी मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, मले एकच सांगा. डॉक्टर म्हणते, नवरा बारीक करा. तुमी म्हणता, जाडा ठेवा. मी कोणाचं आयकू?"

मॅडम पुण्याच्या. चटकन गडबडत नाहीत. पण त्या दिवशी गडबडल्या. म्हणाल्या, "वहिनी, तब्येत आधी. अर्थात... नियमही आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी बारीक व्हावं, पण वजन कमी होऊ देऊ नये."

वहिनींनी मॅडमकडे खालून वर नीट पाहिलं. "तुमचं लग्न झालं का वं, मॅडम?"

"नाही अजून."

"तरीच!"

* * *

मंदाताईंची बोलण्याची तऱ्हा वेगळी. मॅडमच्या कागदावर छापलेलं असायचं: दाब कमी, दाब ठीक, दाब जास्त. ताईंना यातलं एकही पसंत नव्हतं. त्या डोळे मिटून बसायच्या आणि मला धावतं वर्णन सांगायच्या.

"लिवा भाऊ. पाठीवर मांजर चढली. चालून राहिली. खांद्यापाशी थांबली. आता उतरून राहिली. हां, बसली कमरेत."

मी लिहिलं. मॅडमना ते इतकं पटलं, की खोलीत तीच भाषा सुरू झाली. "आज मांजर जड आहे." "डावीकडची मांजर उठतच नाही." एकदा घाईघाईत ते तसंच इंग्रजी होऊन वर गेलं, आणि तिथून साता समुद्रापार मूळ कंपनीत.

आठवड्यानं तिकडून मोठ्या नम्रतेनं उत्तर आलं. नागपूरच्या टीमचं काम उत्तम आहे. फक्त एक खुलासा हवा. या चाचणीत जे जनावर वापरलं जातं, त्याची सरकारी परवानगी घेतली आहे का?

* * *

मसाज लागला की झोप येते. आम्ही ती चूक मानत नाही. प्रमोद तर म्हणतो, "झोप येणं हाच रिझल्ट होय!" पण एकदा आवाजाची चाचणी होती. पंपाची घरघर बसणाऱ्याच्या कानाला लागता कामा नये, असा नियम. डोक्यामागे माईक लावला, किशोरभाऊंना बसवलं, दार लावून आम्ही सगळे बाहेर.

पाच मिनिटांत स्क्रीनवर रेघा नाचायला लागल्या. मॅडमचा चेहरा उतरला. पंप बदलला, रेघा तशाच. हवा सोडणारा व्हॉल्व्ह बदलला, रेघा तशाच. नळ्या बदलल्या, तरी तेच. दर वेळी आम्ही आत जायचो, तेव्हा किशोरभाऊ दाराच्या आवाजानं जागे होऊन ताठ बसलेले असायचे.

शेवटी मंदाताई म्हणाल्या, "आता माणूस बदलून पाहा ना वं."

किशोरभाऊंना उठवून प्रमोदला बसवलं. आवाज बंद!

पुढे दुधी आणि भाकरीनं किशोरभाऊ थोडे उतरले, तसं घोरणंही कमी झालं. पुढच्या आवाजाच्या चाचणीत तेच बसले आणि सीट पास झालं. मॅडमनी वर लिहून पाठवलं, 'पंपात लक्षणीय सुधारणा.' रेखावहिनींचं नाव कुठंच नाही!

* * *

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या मशिनींची पूजा होते. मंदाताई त्या दिवशी दीक्षाभूमीला जातात, त्यांची सुट्टी ठरलेली. बाकी आम्ही अर्ध्या गाडीला हार घातला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. गाडी अडली ती लिंबांवर. लिंबं चाकाखाली ठेवायची असतात, आणि चाकं तर नाहीतच!

पुजारी म्हणाले, "ठेवा कुठंही." पण प्रमोदला कुठंही चालत नाही. म्हणाला, "चाकाखाली काहून ठेवतात? गाडीचं वजन तिथं पडते म्हणून. आपल्या गाडीचं वजन कुठं पडते?"

सगळ्यांनी किशोरभाऊंकडे पाहिलं.

चार लिंबं त्यांच्या गादीखाली गेली आणि सुट्टीच्या गडबडीत तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी किशोरभाऊ बसले. मसाज सुरू झाला. म्हणाले, "आज खालून थंड थंड लागून राहिलं जी. वास बी मस्त येऊन राहिला."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "थंड? पण थंडाव्याचं मॉडेल तर अजून डिझाइनमध्येच आहे!"

त्या वाकून वायरी तपासत होत्या, तेवढ्यात मंदाताईंनी गादी उचलली. आत पाहिलं, गादी होती तशी ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, पानी अन मीठ आणा, शरबत तयार आहे. साखर नोका आणू, भाऊले शुगर आहे."

* * *

हिवाळ्यात मला एक गोष्ट नवलाची वाटू लागली. किशोरभाऊंची पँट पट्ट्यानं आवळून आवळून चुणीदार झाली होती, गाल बसले होते. आणि सोमवारचा काटा मात्र दर वेळी शंभराच्या वरच! मंदाताई म्हणायच्या, "भाऊचं हाडच वजनी आहे."

एका सोमवारी संध्याकाळी गेटवरच्या ठाकरे वॉचमननं तपासणीचं यंत्र किशोरभाऊंच्या अंगावरून फिरवलं. कमरेपासून गुडघ्यापर्यंत ते किंचाळत राहिलं. दोन्ही खिशांतून सीटचे बोल्ट निघाले, चांगले ओंजळभर.

"काय गा किशोर, चोरी करून राहिला?"

"चोरी नाई बाप्पा. सकाळीच भरले होते, काढाचे राहून गेले."

"सकाळी भरले, संध्याकाळी नेऊन राहिला. यालेच चोरी म्हणतात!"

"अबे, मी नेऊन नाई राहिलो. ते मले नेऊन राहिले! याच्यावरच नोकरी चालू आहे!"

प्रकरण मॅडमसमोर आलं. त्यांनी सगळे बोल्ट काट्यावर ठेवले आणि आकडा पाहिला. किशोरभाऊ मान खाली घालून उभे. मोठा माणूस मान खाली घालतो तेव्हा खोलीत जागा फार मोकळी झाल्यासारखी वाटते.

मॅडम हळूच म्हणाल्या, "किशोरभाऊ, बोल्ट नकोत. बोल्टांना मसाज कळत नाही."

पण पुढचंही त्यांना बोलावंच लागलं. येत्या सोमवारी ग्राहक कंपनीची माणसं चाचणी पाहायला येणार होती. वजन ते येण्याआधी होणार आणि जे असेल तेच लिहिलं जाणार.

* * *

त्या सोमवारी किशोरभाऊ लवकर आले. इस्त्रीचा शर्ट, खिसे रिकामे. म्हणाले, "घरी सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, रेखा, नोकरी जाते आता. तर ती म्हणते, जाऊ द्या. नोकरी दुसरी भेटन. दुसरा नवरा या वयात मी कुठं पाहू?"

मग त्यांनी खिशातून डॉक्टरचा कागद काढून दाखवला. शुगर आटोक्यात, इंजेक्शनची गरज नाही. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला, वॉचमनलाही. आनंद तर होता, पण काळजीही होती. पोती उचलायची नाहीत आणि बसायचंही नाही, तर मग करायचं काय?

ते काट्यावर चढले. अठ्ठ्याण्णव.

मी लिहिलं. दुसरं काय करणार?

मॅडम म्हणाल्या, "दुपारी पाहुणे येतील. शंभरच्या वरचा माणूस आता मी आणू कुठून?"

प्रमोद छताकडे बघत होता. मंदाताई छताकडे बघणाऱ्या प्रमोदकडे बघत होत्या.

"काय गा प्रमोद, तू चढ ना काट्यावर."

"मी कायले? मी मधला आहो."

"कवापासून?"

"लागलो तवापासून!"

खरंच होतं ते. वजन व्हायचं ते कडेच्या दोघांचं. मधल्या माणसाला कोण विचारतो! पण आता सगळेच मागे लागले. प्रमोदनं बूट काढले. पट्टा काढला. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, चष्मा काढला. मग शर्टाला हात घातला, तेव्हा मंदाताई ओरडल्या, "पुरे झालं, चढ!"

एकशे दोन.

मग किशोरभाऊंनाच हसू फुटलं. वजनी माणसाच्या जागेला कॅन्टीनमधून रोज एक जादा थाळी लागू होती, वर गोड. किशोरभाऊ शुगर निघाल्यापासून ती थाळी गुपचूप शेजारी सरकवत होते, आणि शेजारी प्रमोद बसायचा.

"सगळी खाल्ली गा तू?" मंदाताईंनी विचारलं.

"अन्न वाया कसं घालवाचं, ताई?"

मॅडमनी माझ्या हातातला कागद घेतला, दोन नावांवर काट मारली, जागा बदलून ती पुन्हा लिहिली आणि सही केली. "दुपारी पाहुण्यांसमोर गोंधळ नको. एकदा बसून बघा दोघंही."

दोघं अर्ध्या गाडीत शेजारी शेजारी बसले. किशोरभाऊ डावीकडे, प्रमोद उजवीकडे. मॅडमनी दोन्हीकडची बटणं दाबली. मी पेन सरसावलं.

किशोरभाऊंनी डोळे मिटले होते. तसेच म्हणाले, "लिवा भाऊ. इतके दिवस मीच खुर्चीले दाबत होतो. आज खुर्ची मले दाबून राहिली."

मी लिहून घेतलं आणि उजवीकडे पाहिलं. प्रमोद ताठ बसून वाट पाहत होता. आणखी थोडी वाट पाहून तो म्हणाला,

"मॅडम, माया साइडचं बटन दाबलं का नाई?"