पहिल्या रविवारचा रिमोट

हैदराबादेत मराठी सिनेमा लागतो तो कुठल्या तरी लांबच्या मॉलमध्ये, भलत्याच वेळेला, आणि आपल्याला कळेपर्यंत उतरलेला असतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी सिनेमा असायचा. ओळखीतली मराठी घरं यायची. खाली सतरंजी, गुडघेवाल्यांना खुर्च्या, मध्यंतरात चिवडा आणि चहा. हे मी सुरू केलं आणि इतकी वर्षं मीच चालवलं.

चालवलं म्हणजे अक्षरशः चालवलं. टीव्हीचा एक रिमोट, आवाजाच्या डब्याचा दुसरा, डिस्कच्या यंत्राचा तिसरा आणि इंटरनेटवरून सिनेमे आणणाऱ्या डबीचा चौथा. आधी टीव्ही, मग आवाज, मग बाकीचं. क्रम चुकला की माणसं पडद्यावर नुसतीच तोंडं हलवत बसायची. घरात हा क्रम मला एकटीला येत होता. नवऱ्याने सरकारी नोकरीत भल्याभल्या फाइली हलवल्या, पण रिमोटला हात लावला की निळा पडदा आणून ठेवायचा.

मग हिमायतनगरच्या माझ्या धाकट्या जावेने घराचं काम काढलं आणि एका खोलीचं होम थिएटर केलं. पहिला सिनेमा दाखवायला तिने सगळ्यांना बोलावलं. पाठ मागे टाकून झोपता येईल अशा खुर्च्या, गडद पडदे, भिंतीभर चित्र. आणि तिच्या तळहातावर तो रिमोट. बटणं नाहीतच, सगळी काच. हळदीकुंकवाचं ताट धरावं तसा तिने तो धरला, एका चित्रावर बोट टेकवलं, आणि दिवे मंद होऊन सिनेमा सुरू झाला. बोट टेकवताना पाटल्याही दिसल्या. त्या दिसाव्यात असंच टेकवलं होतं.

आमच्यात सगळ्यांत वडीलधारे म्हणजे वकीलकाका. ते म्हणाले, "वा! वहिनींकडे सुरुवातीची नावं संपेपर्यंत आवाज यायचा नाही."

सगळे हसले. मीही हसले, दात दिसतील इतपत.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर जावेचा मेसेज आला : 'या वेळीही आमच्याकडेच. वहिनींना तेवढाच आराम.' आराम मागितला होता कुणी? मी आजारी नव्हते. पण खाली अंगठ्यांची रांग लागली होती. नवऱ्याचाही अंगठा होता.

त्या रविवारी रिक्षातून परतताना मी त्याला सांगितलं, "आपल्याला रिमोट घ्यायचाय."

"आहेत की चार."

"म्हणूनच."

कोठीच्या बाजारातल्या दुकानात मी दोन रिमोट समोर मांडून घेतले. एक काचेचा, हुबेहूब जावेकडच्यासारखा. दुसरा साधा लांबट, वर छोटासा पडदा आणि खाली रबरी बटणं. दोन्ही सगळी यंत्रं एकाच वेळी चालवतात, असं दुकानदार म्हणाला. मी डोळे मिटून दोन्ही हातात घेऊन पाहिले. बटणवाल्यावर आवाज कुठे आहे ते अंगठ्याला लगेच समजलं. काचेवर अंगठा नुसता घसरत राहिला. शिवाय काचेच्याला रोज चार्जिंग, आणि अंधारात तोंडावर उजेड. मला काय घ्यायला हवं होतं हे अगदी स्पष्ट होतं.

दुकानदाराने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "कौनसा देऊं, अम्मा?"

"हिमायतनगरला तुम्हीच दिला होता का असला?" मी काचेच्याकडे बोट दाखवून विचारलं.

"हौ. उधर तो बहोत जा रहा येइच."

"मग हाच द्या."

घरी आल्यावर जुना रिमोट नव्याच्या तोंडाशी धरून एकेक बटण मी स्वतः त्याला शिकवलं. नवरा म्हणाला, मेकॅनिक बोलावू. मी नक्को म्हटलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण एका बोटात टीव्ही, आवाज आणि डबी क्रमाने सुरू व्हायला लागली. जुने चारही रिमोट मी खणात टाकले आणि जावेच्या आधी ग्रुपवर लिहिलं : 'हा रविवार बरकतपुऱ्यात.'

सगळे आले. नवा रिमोट मी टीपॉयवर सहज दिसेल असा ठेवला होता. वकीलकाकांनी उचलून पाहिला, "अरे वा, इथेही!" म्हणाले. मला बरं वाटलं. चहा गाळायचा राहिला होता, म्हणून मी आत गेले.

ट्रे घेऊन बाहेर आले तर हॉलमध्ये अंधार आणि सिनेमा चालू.

"वहिनी, तुम्ही चहाचं बघा," जाऊ म्हणाली. रिमोट तिच्या हातात होता. "मी लावलाय. आपलाच आहे ना!"

तिला शिकवावं लागलंच नाही. कसं लागणार? तिच्या घरचाच तो. पूर्ण सिनेमाभर तो तिच्या मांडीवर होता. कुणी म्हणे आवाज वाढव गं, कुणी म्हणे जरा मागे घे, ते वाक्य निसटलं. सगळं तिला. माझ्या हॉलमध्ये, माझ्या सतरंजीवर बसून. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, कपबश्या गोळा करणाऱ्या बाईसारखी.

जाताना वकीलकाका म्हणाले, "आता काय, हे घर काय नि ते घर काय, एकच. पुढच्या वेळेपासून तिकडेच करत जाऊ. लिफ्ट आहे, आमच्या गुडघ्यांची सोय."

"पुढच्या वेळी इथेच," मी म्हटलं. "सिनेमा ठरलाय."

ठरला वगैरे काही नव्हता.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी जिन्याच्या वळणावर वकीलकाकांना टेकायला खुर्ची ठेवली. खणातून जुने चार रिमोट काढले, सेल बदलले. लोक यायच्या आधीच सगळी यंत्रं क्रमाने सुरू केली आणि सिनेमा पहिल्या चित्रावर थांबवून ठेवला. मग चारही रिमोट टीपॉयवर ओळीने मांडले. चहा आधीच गाळून थर्मासात भरला होता. या वेळी मी आत जाणार नव्हते.

जावेचा हात सवयीने टीपॉयकडे गेला आणि थांबला.

"वहिनी, आपला तो कुठंय?"

"चार्जिंगला."

"मग यातला कुठला?"

"तू बस. लांबून आलीस."

हिमायतनगरहून, म्हणजे चालतही येता येईल इतक्या लांबून. मी एक बटण दाबलं, सिनेमा सुरू झाला, नावांच्या आधीपासून आवाजासकट. वकीलकाकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पडद्याकडेच पाहत राहिले.

मध्यंतरानंतर मागून कुणीतरी आवाज वाढवायला सांगितलं. माझ्या हातात चिवड्याचा डबा होता. तेवढ्यात जावेने जवळचा रिमोट उचलून काहीतरी दाबलं. सिनेमा गेला, निळा पडदा आला. तिने घाईत दुसरा उचलून दाबला, तर आवाजाचा डबाही बंद झाला.

"अगं, अगं!" सतरंजीवरून ओरडा झाला. "वहिनींकडे दे, वहिनींकडे!" वकीलकाका खुर्चीतून जवळजवळ उठलेच.

तिने दोन्ही दिले. मी चिवड्याचा डबा खाली ठेवला. टीव्ही, आवाज, डबी. अंधारात, हाताकडे न बघता, अंगठ्याने. सिनेमा सोडला होता तिथूनच पुढे सुरू झाला. जावेने पुढचा सगळा वेळ हाताची घडी घातली होती. त्या दिवसाचा सिनेमा कसा होता ते मला विचारू नये.

निघताना ती चप्पल घालत म्हणाली, "वहिनी, आमचा तो काचेचा आता जुना झाला. दिवाळीत बोलून चालवायचं घेतोय. बोटसुद्धा लावायचं नाही, नुसतं 'सिनेमा लाव' म्हणायचं."

"छान," मी म्हटलं, आणि ती खाली उतरेपर्यंत जिन्यातला दिवा लावून ठेवला.

आत नवरा सतरंजी गुंडाळत होता.

"अहो, ते बोलून चालवायचं म्हणजे कुणीही बोललं तर ऐकतं का?"

"ऐकत असेल. त्याला काय माहीत घर कुणाचं."

"मग दिवाळीनंतरचा पहिला रविवार हिमायतनगरला ठेवायला माझी हरकत नाही," मी म्हटलं, आणि रिमोट उचलून खणात ठेवले.