मागच्या पानापासून

नववीच्या पहिल्याच तासाला गावंडे सर वर्गात आले आणि त्यांनी इतिहासाचं पुस्तक शेवटून उघडलं. आम्हाला वाटलं, घाईत उलटं धरलं असेल. पुढे इतिहास आणि मागे नागरिकशास्त्र, असं ते एकच पुस्तक. मागचा भाग मार्चपर्यंत कोरा करकरीत ठेवायचा आणि परीक्षेच्या तोंडावर एका दमात रट्टा मारायचा, ही आमच्या परतवाड्याच्या हायस्कूलची जुनी रीत. सर म्हणाले, "पुढच्या पानावरचे राजे मेले, ते काही कुठं जात नाहीत. मागच्या पानावर तुमी हाय. तिथूनच सुरू करू."

सर मूळचे अकोल्याकडचे. पाठ वाचायचे ते शुद्ध पुस्तकी मराठीत आणि समजावून सांगायचे खणखणीत वऱ्हाडीत. शर्टाच्या खिशात बडीशेपेची एक छोटी स्टीलची डबी असायची. नीट उत्तर दिलं की चिमूटभर बडीशेप मिळे. पाठ केलेलं उत्तर आलं, की डबीचं झाकण बंद आणि ठरलेलं वाक्य, "पाहून ये, मंग सांग."

हे मी पहिल्याच महिन्यात, सरांच्याच भूगोलाच्या तासाला, भोगलं. काळी मृदा उन्हाळ्यात भेगाळते, असं मी घडाघडा म्हटलं. भेग किती खोल असते, सरांनी विचारलं. मला कुठे माहीत? मी शेतकऱ्याची पोर, भेगांवरून उड्या मारत मोठी झालेली, पण कधी वाकून पाहिलं नव्हतं. उन्हाळा आला तेव्हा सरांनी तो प्रश्न बरोबर लक्षात ठेवून मला मोजायला धाडलं. मी पट्टी आत घातली, ती हातातून सुटली आणि गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन सांगितलं. सर गंभीरपणे म्हणाले, मग वहीत तसंच लिही, पट्टीपेक्षा खोल. त्या उत्तराला मला बडीशेप मिळाली.

पण मी सांगणार आहे ते त्याआधी, हिवाळ्यात घडलेलं. आमचं घर भाजीवाल्यांचं. वांगी, मेथी, पालक पिकवायचं आणि आईनं परतवाड्याच्या बाजारात विकायचं. अमरावतीहून परतवाड्याला येणारी बस आमच्या गावाच्या फाट्यावरून जायची, पण थांबायची नाही. आम्ही मुली जीपनं जायचो. ती भरल्याशिवाय हलायची नाही आणि संध्याकाळी मिळेलच याचा भरवसा नसायचा. दहावीचे जादा तास संध्याकाळी होत. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, नववी झाली की पुरे. बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते. मी मात्र त्यांच्यावर मनातून जाम चिडले होते.

सरांना हे कळलं तेव्हा ते स्वतः बस डेपोत चौकशी करून आले. तिथल्या साहेबांनी सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आणा, थांब्याचा विचार करू. त्याच आठवड्यात सरांनी वर्गात महिला ग्रामसभेचा पाठ काढला. मोठ्या ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांची सभा झाली पाहिजे, असं पुस्तकात छापलं होतं. गृहपाठ एकच, तुमच्या गावच्या मागच्या महिला सभेत काय ठरलं, ते आईला विचारून लिहा.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "कायची सभा? पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी येते, मी सही करतो." मी तेच वहीत लिहिलं आणि मार बसणार म्हणून घाबरत वही दिली. सरांनी सगळ्या वह्या वाचल्या. सहा गावच्या मुली होत्या आणि सहाही गावांत शिपाईच येत होता. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पुढच्या रविवारी सायकल मारत ते आमच्या शेतावर आले आणि बांधावर बसले.

आईनं पदर सावरून आधीच सांगून टाकलं, की तिथं जाऊन आम्ही काय बोलणार.

"ताई, बाजारात वांगे कोण इकते?"

"मीच."

"गिऱ्हाईक म्हणते महाग हाय, तवा कोण बोलते?"

"मीच बोलतो. दुसरं कोण हाय तिथं?"

"मंग सभेत कोण बोलीन?"

आई मेथीच्या वाफ्याकडे वळली. जाताना सरांच्या पिशवीत तिनं मेथीची जुडी टाकली. आमच्याकडे हो म्हणायची ती एक तऱ्हा आहे.

प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा जवळ आली तसा शिपाई रजिस्टर घेऊन दारात उभा राहिला. आई म्हणाली, "आधी सभा, मंग सही." तो हसला. शेजारच्या घरी गेला, तिथंही तेच ऐकलं. मेथीबरोबर ही बातमी आईनं गल्लीभर वाटली होती. चौथ्या घरानंतर त्याचं हसू गेलं. दुपारी बायकाच पंचायतीत जाऊन बसल्या, आणि ग्रामसेवकांना धावतपळत सतरंजी अंथरावी लागली.

विषय कोण मांडणार, असं त्यांनी विचारलं. सगळ्या एकमेकींना ढोसू लागल्या. मी आईच्या मागे बसले होते. आई उभी राहिली. बाजारात असतो तोच आवाज.

"बस फाट्यावरून जाते, थांबत नाही. माही पोरगी धाव्वीत जाईन का नाही, ते आता त्या डायवरच्या पायावर हाय. त्यानं तो पाय बिरेकवर ठेवावा. येवढंच लिवा."

ग्रामसेवकांनी आपल्या भाषेत लिहिलं, पण लिहिलं. मग आईनं सही केली. दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत पुरुषांना तो ठराव ऐकावा लागला आणि हात वर करावे लागले. पहिला हात बाबांचा होता. त्या एका हातासाठी मी त्यांचं मागचं सगळं माफ केलं.

ठराव डेपोत पोचला, आणि जूनमध्ये शाळा उघडली त्या आठवड्यात बस फाट्यावर थांबली. बायकांनी तिच्यापुढे नारळ फोडला, ड्रायव्हरला कुंकू लावलं, तो बिचारा लाजून स्टीअरिंगकडे पाहत बसला. आम्ही अकरा मुली चढलो. सर शाळेच्या फाटकातच उभे होते. "पाहून आली? मंग सांग." मी फाटकातच रडले, आनंदानं, अगदी भोकाड पसरून.

आता मी अकोल्याला एका शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवते आणि पुस्तक शेवटून उघडते. गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. परतवाड्याच्या हायस्कूलमधल्या निरोप समारंभाला आई त्याच बसनं आली. दारात क्लार्कनं पाहुण्यांची वही तिच्यापुढे सरकवली आणि हातात पेन दिलं. आईनं पेनाला टोपण लावलं आणि ते त्याला परत केलं.

"आधी सरायचं भाषण होऊ द्या बाप्पा, मंग सही करतो."

सर मंचावर बसले होते, त्यांनी ते ऐकलं. हार गळ्यात तसाच ठेवून खाली उतरले. दोन वर्षांत आम्हा पोरींना चिमटीच्या वर बडीशेप कधी मिळाली नव्हती. सरांनी खिशातून ती डबी काढली आणि झाकणही न उघडता अख्खीच्या अख्खी आईच्या हातावर ठेवली.