काकांचं व्हॉट्सॲप झेरॉक्सच्या दुकानात

मंडळी, आज दुपारी दिग्रसले झेरॉक्स काढायले गेलतो. दुकानातूनच काकाले मेसेज टाकला, "पोचलो." तर दुकानाच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं अन् माहाच मेसेज समोर!

कधीतरी प्रिंटसाठी काकानं आपलं व्हॉट्सॲप तिथं जोडलं होतं. काढलंच नाही.

"राहू द्या ना, काका नेहमीचेच आहेत," दुकानदार हसला. मले ते हसणं काही पटलं नाही. मी उभ्या उभ्या लॉगआऊट करून घेतलं.

काकाच्या पोरीच्या सोयरिकीची सगळी बोलणी त्याच व्हॉट्सॲपवर चालतात. घरातली गोष्ट गावात फुटते कशी, म्हणून काका इतके दिवस माह्यावरच संशय घेऊन राह्यले होते!

व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइस' आत्ताच उघडून पाहा. तुमचं घर कोणाच्या दुकानात उघडं पडलं आहे?