धुरावरच्या माशाचा रस्सा

त्या शनिवारी मी सकाळपासून घरात नुसती भिरभिरत होते. लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदाच आमच्याकडे, डब्लिनला, जेवायला येणार होत्या. बाई मूळच्या घानाच्या. होणारा जावई बोलता बोलता सांगून बसला होता, "मॉम दुसऱ्यांकडे फारसं खात नाही. आवडलं नाही तर एक घास घेते आणि चमचा खाली ठेवते." झालं! माझ्या डोक्यात भुंगा शिरला. या बाई माझ्या घरून उपाशी गेल्या, तर माझ्या पोरीला त्या घरात आपलं कोण म्हणणार?

"आई, प्लीज, रिलॅक्स. पिझ्झा ऑर्डर करू," लेक म्हणाली.

"विहिणीला पिझ्झा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

आफ्रिकन दुकानातून मी धुरावर सुकवलेले मासे आणले होते. काळपट, कडक, शेपटी तोंडात खोचून गोल वळवलेले. गाडीभर वास. दाण्याच्या रश्श्यात हे घालतात, एवढं जावयाकडून काढून घेतलं होतं. म्हटलं, रत्नागिरीच्या बाईला सुकी मासळी कुणी शिकवायची? आपण खारवलेली मासळी भिजवतो, पाणी फेकतो आणि मग शिजवतो. तसंच केलं. पाणी तपकिरी झालं म्हणून पुन्हा बदललं. मग कांदा, टोमॅटो, मिरची, पीनट बटर. रस्सा झकास दाट झाला. चाखला, तर कशाची म्हणून चव नाही! मीठ घातलं, मिरची घातली, खिडकीशी जाऊन आले, परत चाखला. तेवढ्यात बेल वाजली.

सगळे जेवायला बसलो. बाईंनी एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"मासा पाण्यात ठेवला होतात?" त्यांनी विचारलं.

"हो. दोनदा पाणी बदललं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, यात मीठ नसतंच. असतो तो धूर. तो तुम्ही सगळा सिंकमध्ये ओतलात!"

जावई खाली मान घालून प्लेटकडे बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र उठल्या. "उरलाय का एखादा?" मी पिशवी पुढे केली. त्यांनी बाह्या वर केल्या, मासा गरम पाण्याखाली नुसता धरला आणि मोडला. मी मदतीला गेले, तर म्हणाल्या, "तुम्ही बसा हो." आणि लेकीला हाक मारली, "तू ये इकडे. हा काटा बघ कसा निघतो."

लेक त्यांना अगदी खेटून उभी राहिली. "लाइक धिस?" म्हणत बोटांनी मासा सोडवायला लागली. बाईंनी तिच्या हातावर हलकेच चापट मारली. "लहान तुकडे कर, माझे बाई. आपल्या घरात लहानच लागतात."

आपल्या घरात! याचसाठी मी सकाळपासून जिवाचा आटापिटा केला होता. आणि आता मला भडभडून आलं. माझ्याकडून साधी फोडणी शिकायलासुद्धा ही पोरगी कधी अशी उभी राहिली नव्हती. रस्सा पुन्हा उकळला, घरभर धुराचा वास भरला, दोघी हसत होत्या. मी टेबलाशी हात बांधून बसले होते आणि ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, ती माझी आहे!