‘हं’ म्हणेपर्यंत

पिल्लू घरात आलं तेव्हा त्याला दात फुटत होते, आणि घरात चावण्यासारख्या वस्तू भरपूर होत्या. शहराला लागून असलेल्या वाडीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. मी, म्हातारा, मुलगा, सून आणि नात. मुलगा ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला. तिथे ट्रकखाली सापडलेलं पिल्लू नातीच्या हट्टापायी त्यानेच आणलं आणि थोड्याच दिवसांत त्यालाच त्याचा वीट आला. आधी त्याचा बूट गेला, मग मोबाईलचा चार्जर, मग सुनेच्या ओढणीचं टोक, आणि शेवटी दाराची चौकट. चौकट घरमालकिणीची. ती वरच राहते. खाली येऊन तिने चौकटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “कुत्रं पाळाचं असन तं सोताच्या घरात पाळा जी.”

मुलाने त्या दिवशी सांगून टाकलं. यापुढे एकही वस्तू चावली की कुत्रा पारशिवनीला, काकाच्या वावरात.

“आई, आताच सांगून राहिलो. मंग मले काही म्हणू नोको.”

नात रडायला लागली. मी तिला म्हटलं, रडून कुत्रं शहाणं होत नाही, त्याला शिकवावं लागतं.

मी शाळा चौथीपर्यंत शिकले. आमचे मास्तर छडीने शिकवायचे, आणि त्या छडीने मी एवढंच शिकले की मास्तर दिसले की बाकाखाली बघायचं. पिल्लाचंही तेच. सुनेने चप्पल उगारली की ते दिवाणाखाली जायचं आणि तिथे जे सापडेल ते चावायचं. सून मोबाईलवर व्हिडिओ बघायची. त्यातली बाई इंग्रजीत बोलायची आणि तिच्या कुत्र्याला दुकानातलं हाड द्यायची. मला त्यातलं एकच पटलं, की नुसतं नको म्हणून भागत नाही. काय चावायचं तेही हातात द्यावं लागतं. शेजारीण म्हणाली, जुनी चप्पल द्या. मी म्हटलं, जुनी कोणती अन् नवी कोणती हे त्याले तू सांगशील का वं?

माळ्यावर एक जुना कासरा पडला होता. शेत धाकट्या भावाकडे सोपवून शहरात येताना म्हाताऱ्याने बैलांची ती दोरी कशासाठी उचलून आणली होती, कोण जाणे. मी तिचा तुकडा कापला, धुतला, दोन गाठी मारल्या. मग रोज दुपारी सगळे आपापल्या कामाला गेले की फरशीवर बूट, चार्जर, ओढणी आणि कासरा असं मांडून बसायची. बुटाला तोंड लावलं की मी बूट काढून घ्यायची. ओरडायची नाही. कासऱ्याला तोंड लावलं की “हं” म्हणायची आणि भाकरीच्या तुकड्याला तूप लावून द्यायची. पुढे जेवणालाही तोच नियम लावला. भाकर समोर ठेवायची, आणि मी हं म्हणेपर्यंत त्याने बसून राहायचं. लाळ फरशीवर टपटप गळायची, पण बसायचा.

म्हातारा कोपऱ्यातून म्हणायचा, “अवं, जेवू दे त्याले. मले जन्मभर असंच ताटावर बसवून ठेवलं, आता त्याच्या मागं लागली.”

“तुमाले कधी हं म्हणाची गरज पडली जी? तुमी तं पातेलं आधीच खरडता.”

पोळा जवळ येईपर्यंत कुत्रा चांगला मोठा झाला होता आणि घरातली एकही वस्तू त्याने पुन्हा चावली नव्हती. मुलगा बूट दारातच काढून टाकू लागला. घरमालकीण एकदा शिळी पोळी घेऊन खाली आली. पोळी समोर पडली तरी हा माझ्याकडे बघत बसला. मी हं म्हटल्यावर खाल्ली. ती म्हणाली, “माह्या पोरापेक्षा बरा हाय.” मला वाटलं, आता हा इथेच राहणार.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून खांद्याची कातडी निबर झालेली असते. तिच्यावर तूप-हळद लावून पळसाच्या पानाने चोळतात आणि बैलाला म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. आता आमच्याकडे बैल नाहीत. माझ्या सासऱ्यांनी नातवासाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी, केलेला सागवानी नंदी मात्र आहे. त्याला चाकं आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं असे नंदी सजवून चौकात ओढत नेतात. मुलाने तो ओढला, आता नात ओढते. म्हातारा दरवर्षी त्या लाकडाच्या बैलाचे खांदे शेकतो. मी हसते, पण तूप काढून देते.

या खेपेलाही त्याने पाटावर नंदी ठेवला, खांद्याला तूप-हळद चोळली, आवतण दिलं. कुत्रा शेजारी बसून वास घेत होता. म्हातारा रंगात आला.

“हाही घरातलाच हाय. याले आवतण नोको का?”

त्याने तुपाने माखलेलं पान नंदीच्या खांद्यावर ठेवलं, कुत्र्याकडे वळला आणि हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, “हं.”

कुत्र्याने पान चाटलं, मग पानाखालचा खांदा चाटला. नातीने टाळ्या वाजवल्या. सून हसली, मीही हसले. मग नंदी तसाच पाटावर ठेवून आम्ही सगळे झूल आणि बेगड आणायला बाजारात गेलो.

परत आलो तर नंदीचा खांदा कुरतडून पार खोबण पडली होती. पाटाभोवती लाकडाचा भुसा. चोरी केलेलं कुत्रं दिवाणाखाली जातं. हा शेपूट हलवत दारात आला.

मुलगा गोदामातून आला, त्याने नंदी मांडीवर घेतला आणि त्या खोबणीत अंगठा घातला.

“आज्यानं केला होता,” एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, “त्याले खा म्हणलं म्हणून त्यानं खाल्लं. त्याची चूक नाई.”

“मीच हं म्हणलं गा,” म्हातारा म्हणाला. “गंमत केली.”

“बाबा, उद्या रस्त्यावरचा कोणी गमतीनं हं म्हणन अन् हा पोरीचा हात धरन. मंग?”

तो कुत्रा कोणाचाही हात धरणार नव्हता. पण हे मी कशाने दाखवणार होते? नातीने बापाचा पाय धरला. त्याने तिला उचलून बाजूला बसवलं. तो दुष्टपणा करत नव्हता. त्याने आधीच बजावलं होतं आणि बजावल्याप्रमाणे केलं.

तान्ह्या पोळ्याला खोबणीवर झूल आली. चौकात बायकांनी झुलीचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी गोदामाचा टेम्पो पारशिवनीकडे जाणार होता, त्यात मुलगा कुत्र्याला घेऊन बसला. मी कासऱ्याचा तुकडा सोबत दिला. त्याला जेवू कसं घालायचं हे तिकडे सांगायचं मात्र कोणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी पारशिवनीला गेले. कुत्रा गोठ्याजवळ होता. मला बघून धावत आला आणि समोर ताठ बसला. बरगड्या मोजता आल्या असत्या.

जाऊ म्हणाली, “बाई, तुमचं कुत्रं लय शहरी हाय. भाकर टाकली तं खातच नाई. नुसतं माह्या तोंडाकडे पायते. तवरीक बाकीचे कुत्रे येऊन नेतात. मंग कोणी नसलं की उकिरड्यावर तोंड मारते.”

मी मुलाला फोन लावला. म्हटलं, याला परत घेऊन येते. तो म्हणाला, “आई, झालं ते झालं. पोरगी आता रडत नाई, कायले पुन्हा काढते?” मी नातीला फोन द्यायला सांगितला. ती नव्या सायकलबद्दल बोलली. कुत्र्याचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही.

मग मी जावेला अंगणात बोलावलं. बाकीची कुत्री तिच्या पोराने हाकलून लावली. मी भाकर तिच्या हातात दिली आणि कुत्र्यासमोर ठेवायला लावली.

“आता हं म्हण.”

“कायले?”

“म्हण तं.”

“आता कुत्र्याचीही सरबराई का बाई? जावई हाय का हा?”

“जावयाले न म्हणता खाता येते. याले येत नाई. म्हण.”

ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, “हं.” कुत्र्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर आलं होतं. मी तोंड मिटून गोठ्याकडे बघत राहिले. तिने पुन्हा म्हटलं. तेव्हा त्याने भाकर उचलली.

मी दुसरी भाकर ठेवायला लावली, मग तिसरी. तिसऱ्या खेपेला तो तिच्याच तोंडाकडे बघत होता.

“रोज म्हणजो,” मी म्हटलं. “इसरू नोको.”

“नाई इसरत जी.”

संध्याकाळच्या एसटीसाठी मी रस्त्यावर उभी होते. जाऊ बैलांची वैरण आणायला वावराकडे निघाली, आणि तो तिच्या मागे. मी हाक मारली असती तर आला असता. मारली नाही.